छोट्या प्रकाशकांची नवी पुस्तके सोसायटीच्या वाचनालयात कशी आणावीत?

प्रश्न : घोडबंदर मार्ग, ठाणे

सर्वांना नमस्कार. आमच्या गृहसंकुलात गेली नऊ वर्षे एक छोटे वाचनालय चालते. सुमारे १४० कुटुंबे वर्गणीदार आहेत, आणि वर्षाकाठी साधारण ३०,००० रुपये पुस्तकखरेदीसाठी बाजूला काढता येतात. या वर्षापासून ग्रंथनिवडीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. ती हाती घेतल्यावर मी पहिल्यांदा मागील तीन वर्षांची दाखलनोंद वही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, काढून बसलो, आणि जे दिसले त्याने अस्वस्थ झालो.

आम्ही सगळी खरेदी एकाच विक्रेत्याकडून करतो. तो ३० टक्के सवलत देतो, पुस्तके घरपोच आणतो, बिल व्यवस्थित देतो. त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. परंतु तीन वर्षांत आलेल्या पुस्तकांपैकी निम्म्याहून अधिक पुस्तके जुन्या, नावाजलेल्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या आहेत, आणि उरलेल्यांत व्यक्तिमत्त्व विकास, गुंतवणूक आणि इंग्रजीत गाजलेल्या पुस्तकांचे अनुवाद यांचाच भरणा आहे. गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदा लिहू लागलेल्या मराठी कवीचा एकही संग्रह आमच्याकडे नाही. कथासंग्रह दोन. बोलीभाषेतले लेखन शून्य. आणि हे सर्व बाहेर छापले जात आहे, हे मला ठाऊक आहे, कारण दिवाळी अंकांतून या लेखकांची नावे मी दरवर्षी वाचतो. पण त्यांची पुस्तके कोण काढते, कोठे मिळतात, याचा मागोवा घेऊ लागलो की वाट हरवते. विक्रेत्याला विचारले, तर ‘ते आमच्याकडे येत नाही’ एवढेच उत्तर मिळते.

माझे विचारणे असे आहे की, छोट्या स्वतंत्र प्रकाशकांची नवी आणि वेगवेगळ्या प्रकारची पुस्तके शोधण्याची काही खात्रीची पद्धत आहे का? तसेच आमच्यासारख्या लहान वाचनालयाने ती थेट प्रकाशकाकडून मागवणे व्यवहार्य आहे का? हिशेबतपासनीसांना प्रत्येक खरेदीचे बिल लागते, हेही ध्यानात घ्यावे.

उत्तर १ : निवृत्त ग्रंथपाल, नौपाडा

आपण दाखलनोंद वहीपासून सुरुवात केली, याचा मला फार आनंद झाला. तीस वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केल्यावर मी एवढे सांगू शकतो की, ग्रंथालयाचा स्वभाव त्याच्या कपाटांपेक्षा त्या वहीत अधिक स्पष्ट दिसतो.

शोधण्याच्या बाबतीत माझी पहिली सूचना अशी की, पुस्तकांची यादी करण्याऐवजी प्रकाशकांची यादी करावी. चांगले पुस्तक एकटे येत नाही. ज्याने एक धाडसाचे पुस्तक नीट संपादन करून काढले आहे, त्याच्या खात्यात तशी आणखी चार असतात. म्हणून आपल्याला आवडलेले कोणतेही पुस्तक हाती आले, की आतल्या शीर्षकपानाच्या मागची बाजू उघडावी. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आवृत्तीचे साल हे सारे तेथे असते. मी विद्यार्थ्यांना हे पान कादंबरीच्या पहिल्या पानाइतक्याच उत्सुकतेने वाचायला सांगत असे.

त्याच पानावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक असतो, आणि तो वाचता आला तर बरेच काही कळते. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी झाला. भारतातील पुस्तकांचा क्रमांक ९७८ नंतर ८१ किंवा ९३ ने सुरू होतो. पुढच्या सात अंकांत आधी प्रकाशकाची ओळख आणि मग पुस्तकाचा क्रम असतो. शेवटचा अंक पडताळणीचा. प्रकाशकाच्या वाट्याला आलेला आकडा जितका लांब, तितकी त्याच्याकडील पुस्तकांची जागा कमी. ओळखीचा आकडा सहा अंकी असेल, तर त्याने दहा क्रमांकांचा सर्वांत लहान संच घेतलेला आहे, असे समजावे. मात्र या क्रमांकाला गुणवत्तेची मोहोर मानू नये. भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि मागणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाला मिळतो.

दुसरी सूचना नियतकालिकांची. १९६४ पासून निघणारे ‘ललित’ मासिक नव्या ग्रंथांची दखल घेण्यासाठीच ओळखले जाते. ‘साधना’ साप्ताहिकात परीक्षणे येतात. दिवाळी अंक आपण वाचताच. यापुढे त्यांतील जाहिरातींची पानेही वाचा. मोठ्या अंकांत लहान प्रकाशकाला पान परवडत नाही, परंतु वाङ्मयीन अंकांत तो अर्धे पान घेतो आणि त्यात आपली वर्षभराची सगळी पुस्तके दाटीवाटीने मांडतो. माझ्या अनुभवात तीच सर्वांत उपयोगी सूची ठरली.

हे सर्व लिहिण्यामागे माझी एक धारणा आहे, ती थोडी विस्ताराने सांगतो. मराठीत नवे लेखन बहुतेक वेळा कडेच्या बाजूने आत आलेले आहे. १९५५ च्या सुमारास काही तरुण कवींनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून, म्हणजे छापखान्याऐवजी साध्या यंत्रावर प्रती उतरवून काढले, तेव्हा प्रतिष्ठित मासिकांना त्या कवितेचे काय करावे हे उमगत नव्हते. पुढे दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये ‘ग्रंथाली’ने काढले, स्वतःला वाचक चळवळ म्हणवणारी ही संस्था तेव्हा अगदी नवी होती. अरुण कोलटकरांच्या मराठी कविता अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशन’ने काढल्या. त्याच प्रकाशनाच्या ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या पुस्तकांशिवाय आज अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यांतील कितीतरी प्रथम अशा प्रकाशकांच्या हिमतीवर निघाली. आपले वाचनालय ती पुस्तके अभिजात ठरल्यावर विकत घेते. ती पहिल्या आवृत्तीतच घेण्याची संधी प्रत्येक पिढीला असते आणि आपल्या पिढीलाही आहे.

आपण ठाण्यात आहात, म्हणून आणखी एक. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये येथे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, ते केवळ मराठी ग्रंथ एकत्र करण्याच्या हेतूने. एखाद्या अनोळखी प्रकाशकाचे पुस्तक विकत घेण्यापूर्वी चाळून पाहायचे असेल, तर आधी तेथे चौकशी करावी.

उत्तर २ : एक छोटा प्रकाशक, नेरुळ

मी वर्षाला चार, फार तर पाच पुस्तके काढतो. आपल्या विक्रेत्याने ‘ते आमच्याकडे येत नाही’ असे सांगितले, ते अक्षरशः खरे आहे, आणि त्यामागचे गणित वाचकांना कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या एका कथासंग्रहाचेच उदाहरण देतो. डेमी आकार, १६० पाने, म्हणजे सोळा पानांचे दहा फॉर्म. किंमत ३०० रुपये. एकेकाळी अकराशे प्रतींची आवृत्ती हा मराठीतला रिवाज होता. मी ३०० प्रती डिजिटल छपाईवर काढल्या, कारण अकराशे ठेवायला जागा नाही आणि तेवढे पैसे अडकवण्याची ऐपतही नाही. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रत ८५ रुपयांना पडली. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचा खर्च १५,००० रुपये झाला, म्हणजे प्रतीमागे ५०. लेखकाचे मानधन दहा टक्के, म्हणजे ३०. एकूण १६५ रुपये. वितरक ५० टक्के मागतो, तेव्हा माझ्या हाती १५० रुपये येतात आणि तेही पुस्तक विकले गेल्यावर, बहुधा सहा-आठ महिन्यांनी. न विकलेल्या प्रती परत येतात, त्यांचे कोपरे दुमडलेले असतात. याचा अर्थ वितरकामार्फत गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे मला १५ रुपये पदरचे घालावे लागतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, परंतु त्यामुळेच कागदावर आणि छपाईवर मी भरलेल्या कराची वजावट मला मिळत नाही. तो खर्चातच मिसळतो.

तेच पुस्तक मी आपल्या वाचनालयाला २० टक्के सवलतीने थेट दिले, तर २४० रुपये येतात आणि सर्व खर्च जाऊन ७५ रुपये उरतात. आपल्याला ३० टक्के सवलतीची सवय आहे. तेवढी दिली तरी ४५ रुपये राहतात. मी तीही आनंदाने देईन. थेट खरेदीने माझ्यासारख्याचे पुढचे पुस्तक निघू शकते, यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही.

टपालाविषयी आपण विचारलेले नाही, पण खरी अडचण तेथेच येते. छापील पुस्तकांसाठीची नोंदणीकृत स्वस्त टपालसेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा आम्हा सर्वांचे कंबरडे मोडले होते. काही दिवस पुस्तकापेक्षा पाठवणीचीच चिंता मोठी होती. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली आहे. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकिटाचा माग काढता येतो. ते जमिनीवरच्या वाहतुकीने जात असल्याने थोडा वेळ लागतो. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असावे लागते आणि जाहिराती चालत नाहीत. वर सांगितलेल्या कथासंग्रहाचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास आहे. एक प्रत मागवली तर वीस रुपयांच्या टप्प्यात बसते. एका प्रकाशकाकडून दहा-बारा पुस्तके एकदम मागवली, तर प्रत्येक पुस्तकामागचा टपालखर्च नगण्य होतो. म्हणून दर महिन्याला दोन-दोन पुस्तके मागवू नका. वर्षातून दोनदा, चार-पाच प्रकाशकांकडे भरघोस मागणी नोंदवा.

आणखी एक विनंती. प्रकाशनपूर्व सवलतीची नोंदणी जाहीर झाली, की त्याच वेळी पैसे भरावेत. त्या पैशांतूनच कागद येतो.

उत्तर ३ : एक वाचक, वाशी

वरील दोन्ही उत्तरे मी लक्षपूर्वक वाचली आणि दोन्ही पटली. तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली जावी असे वाटते. छोट्या प्रकाशकाचे पुस्तक म्हणजे वेगळे आणि चांगले पुस्तक, हे समीकरण बरोबर नाही. लेखकाकडून सगळा खर्च घेऊन, एका ओळीचेही संपादन न करता पुस्तक छापून देणारेही स्वतःला प्रकाशकच म्हणवतात. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून उत्साहाच्या भरात अकरा पुस्तके आणली होती. त्यांतील चार मला वाचवेनात. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, एकाच पात्राचे नाव दोन प्रकारे छापलेले, आणि एका संग्रहात तर तीच कविता दोनदा. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण त्या चारांपैकी एका लेखिकेकडे सांगण्यासारखे खरोखर काही होते. तिला संपादक मिळाला असता तर ते पुस्तक उभे राहिले असते.

वाचनालयाचे पैसे वर्गणीदारांचे असतात. म्हणून मी माझ्यापुरती एक रीत ठरवली आहे. पुस्तक मध्यावर उघडून सलग दहा पाने वाचायची. पहिले प्रकरण सर्वांनीच घासूनपुसून लिहिलेले असते. मधली पाने खरे बोलतात. प्रस्तावनेत लेखकाचीच थोरवी असेल तर ठेवून द्यावे. पुस्तक कसे घडले, याविषयी काही असेल तर थांबून पाहावे. मुद्रितशोधकाचे आणि संपादकाचे नाव श्रेयपानावर आहे का, हेही मी पाहते.

मात्र एका प्रकारच्या पुस्तकांसाठी मी ही कसोटी सैल करते, आणि त्याविषयी मला अधिक लिहायचे आहे. आपण ज्या भूमीवर राहतो, तिचे लेखन. नवी मुंबई ही आगरी-कोळी गावांच्या शेतांवर, मिठागरांवर आणि खाड्यांवर उभी राहिली. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळच्या जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. माझ्या इमारतीतल्या बहुतेकांना हे ठाऊक नाही. मलाही येथे राहायला आल्यावर बारा वर्षांनी कळले, ते भाजी घेताना ओळख झालेल्या एका मावशींकडून. आगरी बोलीतील कविता, धवलारिणींची, म्हणजे लग्नविधीत गाणाऱ्या स्त्रियांची लग्नगीते, मासेमारीचे शब्द, गावांच्या जुन्या नावांच्या नोंदी असे लेखन पातळ पुस्तिकांच्या रूपात स्थानिक मुद्रणालयांत छापले जाते, गावच्या कार्यक्रमात वाटले जाते आणि संपते. मोठा प्रकाशक याकडे वळत नाही, कारण वाचक एका तालुक्यापुरता असतो. त्या पुस्तिकेचे शुद्धलेखन मी तपासत बसत नाही. बोली आहे तशी उतरली आहे की तिला प्रमाण मराठीचे कपडे चढवले आहेत, एवढेच पाहते. घोडबंदरच्या पट्ट्यातही वारली आणि आगरी वस्ती जुनी आहे; आपल्या वाचनालयात एक फळी अशा लेखनासाठी असावी, असे मला तळमळीने सुचवावेसे वाटते.

उत्तर ४ : बालवाचनालय चालवणारी, कळवा

मुलांच्या पुस्तकांचा उल्लेख अद्याप झाला नाही म्हणून थोडक्यात लिहिते. पुण्याच्या ‘ज्योत्स्ना प्रकाशन’ची सूची आवर्जून पाहा, केवळ मुलांसाठी, चित्रांची जाण ठेवून काढलेली पुस्तके तेथे आहेत. ‘प्रथम बुक्स’ ही २००४ मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था स्वस्त मराठी आणि द्वैभाषिक पुस्तके काढते. तिच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य वाचता येतात. आम्ही तेथे मुलांना गोष्ट आधी दाखवतो आणि त्यांनी पुन्हा मागितलेलीच छापील घेतो. मराठी वाचायला अडखळणाऱ्या मुलांसाठी, आणि ती आपल्या संकुलात नक्की असतील, कमी मजकुराची चित्रपुस्तके वेगळ्या खालच्या फळीवर ठेवा. त्यांना स्वतःच्या हाताने काढता आली पाहिजेत.

उत्तर ५ : छोटा प्रकाशक, नेरुळ

वाशीच्या ताईंचा मुद्दा मला मान्य आहे, आणि आमच्या व्यवसायातील लोकांनी तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. मुद्रितशोधनावर खर्च करणे सर्वांत आधी थांबते, कारण तो खर्च वाचकाला दिसत नाही. चूक मात्र दिसते. मी स्वतः पहिल्या दोन पुस्तकांत हा दोष केलेला आहे. त्यांतील एकाच्या उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्र घातले आणि दुसऱ्याची आवृत्ती बाजारातून मागे घेतली.

एक भर घालतो. लेखकाने खर्चाचा काही वाटा उचलला म्हणून पुस्तक आपोआप हलके ठरू नये. कवितासंग्रहांच्या बाबतीत आज ते सर्रास घडते, आणि त्यांतील काही संग्रह उत्तम आहेत. प्रकाशकाने लेखकाला कधी नकार दिला आहे का, हा खरा प्रश्न आहे. आलेले प्रत्येक हस्तलिखित छापणारा केवळ मुद्रक असतो. हे बाहेरून ओळखण्याचा मार्ग म्हणजे त्याची पाच पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहणे. निवड केलेली असेल तर ती दिसते. जिल्ह्याच्या गावांतून हे काम नेटाने करणारे आहेत. श्रीरामपूरचे ‘शब्दालय’, वाशीमचे ‘काव्याग्रह’, शेगावचे ‘वर्णमुद्रा’ यांच्या सूची मागवून पाहा. मुंबई-पुण्याबाहेरची मराठी कशी लिहिली जाते, ते आपल्या वर्गणीदारांना तेथून कळेल.

प्रश्नकर्ता : घोडबंदर मार्ग, ठाणे

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल समितीची बैठक झाली; ही सर्व उत्तरे मी तेथे वाचून दाखवली. एकूण रकमेपैकी १०,००० रुपये थेट खरेदीसाठी ठेवण्याचे मान्य झाले. त्यांतील २,००० रुपये आगरी, वारली आणि ठाणे जिल्ह्याविषयीच्या लेखनासाठी आणि १,५०० चित्रपुस्तकांसाठी. पाच प्रकाशकांच्या सूची मागवायच्या, प्रत्येकाची प्रथम दोन पुस्तके घ्यायची, ती समितीतील तिघांनी मध्यापासून वाचायची आणि मग मोठी मागणी नोंदवायची, असे ठरले.

विरोध एकाच गोष्टीला झाला. पुस्तके कोणी वाचलीच नाहीत तर काय, असे एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले. त्यावर आमच्या देवघेव सांभाळणाऱ्या काकूंनी सांगितले की, नवी पुस्तके दाराजवळच्या टेबलावर उघडी ठेवली तर त्या स्वतः एकेक वाचून, येणाऱ्याला त्याविषयी दोन वाक्ये सांगतील. मला हा उपाय आपण दिलेल्या सर्व सूचनांच्या तोडीचा वाटला.

एक शंका उरली आहे. पाच वेगवेगळ्या प्रकाशकांची बिले हिशेबात कशी दाखवावीत?

निवृत्त ग्रंथपाल, नौपाडा

प्रत्येक प्रकाशकाकडून त्याचे नाव, पत्ता, बिल क्रमांक आणि पुस्तकांची स्वतंत्र किंमत व सवलत दाखवणारे बिल मागा. पैसे वाचनालयाच्या खात्यातूनच पाठवा, कोणाच्या वैयक्तिक खात्यातून नकोत. टपालखर्च बिलात वेगळ्या ओळीवर लिहून घ्या, म्हणजे तो पुस्तकाच्या किमतीत मिसळत नाही. दाखलनोंद वहीत ‘विक्रेता’ या रकान्यात प्रकाशकाचेच नाव येईल आणि शेरा म्हणून ‘थेट’ असे लिहावे. काकूंना माझा नमस्कार सांगा, आणि त्या टेबलाशेजारी एक खुर्चीही ठेवा.